सेशेल्स : पाच रात्रींत किती बेटं करायची?

प्रेषक: मेधा, शारजा
विषय: सेशेल्सचा बेत, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या सुरुवातीला राष्ट्रीय दिनाची सुट्टी आणि शनिवार-रविवार जोडून, वर थोडी रजा टाकून आम्ही सेशेल्सला जायचं म्हणतोय. पाच रात्री हातात आहेत. सासू-सासरे देवगडहून महिनाभर आमच्याकडे आलेले असतील, तेही बरोबर येणार. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ. आईंचे गुडघे कुरकुरतात, पण सपाट रस्त्यावर त्या सहज चालतात. त्या मासे खात नाहीत. बाबांना मात्र दोन वेळा मासे मिळाले तरी चालतील.

मी कागदावर असं मांडलंय: माहे एक रात्र, प्रालां एक, ला डीग एक, सिलुएट एक आणि परत माहे एक. मुलांनी नकाशा बघून शेजारची आणखी दोन छोटी बेटं शोधून ठेवली आहेत. हे जमेल का? फेरीबोट फार हलते का? आमचे सगळ्यांचे भारतीय पासपोर्ट आहेत, आधी काय काय करावं लागेल? आणि हे सगळं सोडून सरळ मालदीवला जावं, असंही घरात एक मत आहे.

जे जाऊन आले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. तिकिटं या आठवड्यात काढायची आहेत.

मेधा


प्रेषक: शुभदा, दुबई
विषय: उत्तर: सेशेल्सचा बेत, सल्ला हवा

प्रिय मेधा,

मालदीवचा विचार सोडून दे. तिथे बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एक बेट, एक हॉटेल. नवराबायकोला चार दिवस निवांत पडून राहायला ते छान आहे. पण तुझ्याबरोबर तीन पिढ्या आहेत. आईबाबांना बाजार हवा, देऊळ हवं, चार माणसं हवीत. मुलांना डोंगर, सायकल, कासवं हवीत. सेशेल्समध्ये माणसं राहतात, शाळा सुटतात, बस धावते. देशात ११५ बेटं आहेत, पण वस्ती जवळजवळ सगळी माहे, प्रालां आणि ला डीग या तिघांवरच. एका बेटावरून दुसऱ्यावर गावातली माणसं ज्या बोटीने जातात त्याच बोटीने आपणही जायचं.

आता तुझा कागद. त्यातलं सिलुएट काढून टाक. बेट सुंदर आहे, दाट जंगलाचं आहे, पण त्याची होडी माहेहून सुटते. प्रालां आणि ला डीग एका ओळीत आहेत, सिलुएट त्या ओळीत नाही. तिथे जायचं म्हणजे परत माहे गाठायचं, परत बोट धरायची, आणि एका रात्रीसाठी पूर्ण दिवस धक्क्यांवर घालवायचा. आठ वर्षांची मुलगी आणि दुखरे गुडघे बरोबर असताना रोज बोचकी बांधायची नसतात. पाच रात्रींत तीन बेटांवर राहा, त्याहून जास्त नको. दोन रात्री प्रालां, दोन रात्री ला डीग, शेवटची माहे.

क्रमही महत्त्वाचा आहे. बरेच जण विमानतळ माहेवर म्हणून पहिली रात्र तिथेच काढतात. तसं करू नकोस. दुबईहून विमान साडेचार तासांचं, घड्याळ तर बदलावंच लागत नाही. सकाळी उतरणारं विमान मिळालं तर त्याच दिवशी टॅक्सीने व्हिक्टोरियाच्या धक्क्यावर जा, पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे, आणि प्रालांची कॅटामरान पकड. साधारण तासाभरात पोचवते. प्रालांहून ला डीग फक्त पंधरा मिनिटं. येताना ला डीगहून माहेला आदल्या दिवशीच यायचं. विमानाच्या दिवशी सकाळच्या बोटीवर भरवसा ठेवायचा नाही. समुद्र बिघडला की वेळापत्रक बिघडतं आणि विमान आपल्यासाठी थांबत नाही.

बोट हलते का, हे वाऱ्यावर आहे. मे ते सप्टेंबर आग्नेयेचा जोरकस वारा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये माहे ते प्रालां या तासाभरात भल्याभल्यांची पोटं ढवळतात. डिसेंबर ते मार्च वारा वायव्येचा, आणि पाऊस जानेवारीत सगळ्यात जास्त. दोन्हींच्या मधले एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे शांत पाण्याचे दिवस. तुम्ही डिसेंबरच्या सुरुवातीला जाताय म्हणजे त्या शांत काळाच्या शेपटाला. सरी येतील, येऊन जातील. तरी खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला बसा, तिथे हेलकावा कमी. गोळी घ्यायची तर निघायच्या आधी घ्या, पोट ढवळायला लागल्यावर तिचा उपयोग नसतो. आईंना रक्तदाबाची औषधं चालू असतील तर इथेच डॉक्टरांना विचारून ठेव.

समुद्रात कुठे उतरायचं तेही वाराच ठरवतो. प्रालांवरचा आंस लाझिओ किनारा सगळ्या जाहिरातींत दिसतो. तो वायव्येकडे तोंड करून आहे, त्यामुळे डिसेंबरात तिथे लाटा चढू लागतात. बघायला जरूर जा, पण मुलीला पाण्यात सोडण्याआधी तिथल्या माणसांना विचार. पोहायला त्या दिवसांत कोत दोरचा लांबलचक किनारा बरा, पाणी उथळ आणि राहायची घरंही तिथेच. ला डीगवर ग्रांद आंस नावाचा मोठा किनारा आहे, त्याला प्रवाळाचा बांध नाही. आग्नेयेच्या वाऱ्यात तो फार धोकादायक असतो, आणि एरवीही तिथल्या ओढीचा भरवसा नाही. मुलांनी तिथे वाळूतच खेळावं, असं मी स्पष्ट सांगते.

प्रालांवर मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते व्हाले द मे. जेमतेम वीस हेक्टरांचं ताडाचं रान, १९८३पासून जागतिक वारसा यादीत. कोको द मेर तिथे रानात उगवतो. जगातलं सगळ्यात मोठं बी त्याचं. आपल्याकडे वैदू आणि काष्ठौषधीवाले ज्याला दर्याई नारळ म्हणतात तो हाच, आणि फकिरांच्या हातातलं काळं कश्कूल, म्हणजे भिक्षापात्रही त्याच्याच करवंटीचं. ही झाडं माणसांना सापडली १७६८मध्ये. तोवर किनाऱ्याला लागलेल्या रिकाम्या करवंट्या बघून लोक समजत, हे झाड समुद्राच्या तळाशी उगवतं. ताजं फळ पाण्यात बुडतं. आतला गर कुजून पोकळ झालेलंच तरंगतं, म्हणून ते आपल्या किनाऱ्यावर येऊनही कधी रुजलं नाही. नर झाड वेगळं, मादी वेगळी. फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात. पन्हाळीसारखी भलीमोठी पानं पावसाचं पाणी आणि कचरा बुंध्याशी आणून सोडतात आणि झाड आपल्याच पायाशी खत साठवतं. बाबा देवगडचे, कलमांत आयुष्य गेलेलं असेल. त्यांना तिथून बाहेर काढणं तुला जड जाईल. सकाळी दार उघडताच जा, वाटाड्या घे, आणि वर बघत राहा. काळा पोपट शीळ घालतो, दिसतो मात्र क्वचित. वाटेत पायऱ्या आहेत, आईंसाठी काठी ने. छोट्या फेरीची वाट निवडलीत तर तासाभरात बाहेर याल.

कोको द मेर विकत घ्यायचा मोह झाला तर सरकारी शिक्का आणि निर्यातीचा परवाना असलेलाच घ्यायचा. नाहीतर विमानतळावर काढून घेतात, आणि घ्यायलाच हवा. ते झाड जगात फक्त प्रालां आणि शेजारच्या क्यूरियूजवरच मुळात उगवतं.

पासपोर्टचं सोपं आहे. व्हिसा कुणालाच लागत नाही, पण निघण्याआधी ऑनलाइन प्रवास-परवानगी घ्यावी लागते, तिचं शुल्क आहे. त्यात परतीचं तिकीट आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचं आरक्षण दाखवावं लागतं. म्हणजे "एक रात्र तिथे जाऊन बघू" असं चालत नाही, हे आधीच ठरव.

शुभदाताई


प्रेषक: निखिल, अबू धाबी
विषय: उत्तर: सेशेल्सचा बेत, सल्ला हवा

शुभदाताईंशी बाकी सगळ्यात सहमत, एका गोष्टीत नाही. मेधाताई, ला डीगवर दोन रात्री कशाला? फेरी पंधरा मिनिटांची आहे. चारही रात्री प्रालांवर एकाच घरात राहा, स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, आणि ला डीगला सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. सहा माणसांच्या बॅगा धक्क्यावरून चढवणं-उतरवणं हे या सहलीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम असतं. आईंना रोज तीच खाट, तेच न्हाणीघर मिळेल. प्रालांवर बस आहे, गाडी भाड्याने मिळते. वाहनं डावीकडून चालतात, इथल्या सवयीच्या उलट, तेवढं लक्षात ठेवा. डोंगरातले रस्ते अरुंद आहेत आणि कडेला खोल गटार आहे.

ला डीगवर गाड्या जवळजवळ नाहीत, सगळा कारभार सायकलवर. तुम्ही चौघं सायकलवर मजेत फिराल, पण आईबाबांचं काय? बॅटरीच्या गाड्या आहेत, पण दोन दिवस त्यांच्यावरच अवलंबून राहायचं का, ते बघा.

आणि मुलांनी शोधलेली छोटी बेटं फार बरोबर आहेत. क्यूरियूजची दिवसभराची होडी कोत दोरहूनच सुटते. बेटावर शेकडो महाकाय कासवं मोकळी फिरतात, मान खाजवली की पाय ताणून उभी राहतात. अल्दाब्रा या सेशेल्सच्याच दूरच्या बेटाहून १९७८च्या सुमारास आणून ती तिथे सोडली. खारफुटीतून एक वाट बेटाच्या दुसऱ्या बाजूला जाते. तिथे पूर्वी कुष्ठरोग्यांची वसाहत होती, डॉक्टरांचं लाकडी घर अजून उभं आहे. येताना सेंट पिएर या खडकाशी थांबवतात, तिथे मुलाला मुखवटा लावून पाण्यात उतरू द्या. लाइफ जॅकेट मुलीच्या मापाचं आहे का, हे आरक्षण करतानाच विचारा, धक्क्यावर पोचल्यावर नको.

निखिल


प्रेषक: मोहन, अबू धाबी
विषय: उत्तर: सेशेल्सचा बेत, सल्ला हवा

चि. मेधा,

मी पुण्यात भूविज्ञान शिकवत असे, आता मुलाकडे असतो. बोटी आणि मुक्कामाचं इतरांनी लिहिलं आहेच. मला एक सांगावंसं वाटतं, ते तू तुझ्या मुलांना प्रालांच्या वाटेवर बोटीतच सांग, म्हणजे पुढचे खडक ते वेगळ्या नजरेने बघतील.

भर समुद्रातली बेटं बहुधा दोन प्रकारची असतात. ज्वालामुखीने उभी केलेली, किंवा प्रवाळाने बांधलेली. मालदीव दुसऱ्या प्रकारातलं. सेशेल्सची मधली बेटं, म्हणजे माहे, प्रालां, ला डीग, यांपैकी कशातच बसत नाहीत. ती ग्रॅनाइटची आहेत, आणि तो ग्रॅनाइट सुमारे ७५ कोटी वर्षं जुना आहे. ग्रॅनाइट हा खंडाचा खडक. तो महासागराच्या मधोमध कसा, याचं उत्तर आपल्या कोकणाशी जोडलेलं आहे.

गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटला तेव्हा भारत, सेशेल्स आणि मादागास्कर एकत्र होते. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटला. सेशेल्स भारताच्या पश्चिम किनाऱ्याला चिकटूनच राहिलं. मग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा फुटला, ज्याचा आपला सह्याद्री झाला, आणि त्या उलथापालथीच्या मागोमाग, साधारण ६.३ कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्स भारतापासून वेगळं झालं. भारत उत्तरेला निघून गेला, तो तुकडा मागे राहिला. तू यादीतून काढलेल्या सिलुएट बेटावरचे खडक ग्रॅनाइटचे नाहीत. ते त्याच काळातल्या अग्निजन्य घडामोडीचे, आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचे नातेवाईक आहेत. म्हणजे देवगडचा काळा कातळ आणि सिलुएटचा डोंगर यांची जन्मवेळ जवळपास एक.

याला जिवंत पुरावाही आहे. सेशेल्सच्या जंगलात नखाएवढे बेडूक आहेत, त्यांचं कुळ जगात दुसरीकडे कुठे नाही. २००३मध्ये पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातून एका जांभळ्या, फुगीर बेडकाची नोंद झाली. वर्षातला बहुतेक काळ तो जमिनीखाली राहतो. त्याचं सगळ्यात जवळचं नातं निघालं ते सेशेल्सच्या या बेडकांशी. बेडूक खारं पाणी पोहून जात नाही. जमीन तुटली आणि भावंडं दोन बाजूंना राहिली.

ला डीगच्या आंस सूर्स दार्जां किनाऱ्यावर गुलाबी छटेच्या प्रचंड शिळा आहेत, त्यांच्या अंगावर उभ्या खोल पन्हळी पडल्या आहेत. त्या समुद्राने कोरलेल्या नाहीत. उष्ण प्रदेशातल्या पावसाने लाखो वर्षं ग्रॅनाइट कुजवून त्या केल्या आहेत. मुलांना त्या पन्हळींवरून हात फिरवू दे. आणि वाळू हातात घेऊन बघायला सांग: पांढरी चुन्याची पूड प्रवाळाची, आणि मधूनच चमकणारे कण ग्रॅनाइटचे. शंख-शिंपले मात्र उचलून आणू नयेत.

तुझ्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. आमचं आजोळ विजयदुर्गचं.

मोहनकाका


प्रेषक: शुभदा, दुबई
विषय: उत्तर: सेशेल्सचा बेत, सल्ला हवा

मोहनकाका, हे वाचून मला परत जावंसं वाटायला लागलं. मुलांना मी हे नक्की वाचून दाखवणार.

निखिल, बॅगांचं तुझं म्हणणं खरं आहे, तरी ला डीगची रात्र मी सोडू देणार नाही. दिवसभर तिथे प्रालांहून आलेल्यांची गर्दी असते. आंस सूर्स दार्जांवर दुपारी पाय ठेवायला जागा नसते. संध्याकाळच्या बोटीने ही माणसं परत गेली की बेट गावकऱ्यांचं होतं. त्या वेळी आईबाबांनी धक्क्याजवळच्या रस्त्याने चालावं. सगळं सपाट आहे, लोक "बोंझूर" म्हटल्याशिवाय पुढे जात नाहीत. आणि त्या किनाऱ्यावर पहाटे जाता आलं तर तो वेगळाच असतो. मेधा, भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघ. भरतीला वाळूची पट्टी जवळजवळ नाहीशी होते, आणि अगदी ओहोटीला पाणी गुडघ्याच्या खाली जातं. वाट लुन्यों इस्टेटमधून जाते, तिथे प्रवेशशुल्क आहे. आत व्हॅनिलाचे वेल आहेत, जुना खोबऱ्याचा घाणा आहे, कासवं आहेत. तिथवर बॅटरीची गाडी जाते, पुढे आई हळूहळू चालतील.

बॅगांसाठी तोडगा असा: मोठ्या बॅगा प्रालांच्या घरमालकांकडे ठेवता आल्या तर बघ. नाहीतर सहा जणांनी मिळून तीनच बॅगा न्या. बेटावर कुणी इस्त्रीचे कपडे घालत नाही.

आता जेवण, कारण तू विचारलं नसलंस तरी आईंच्या मनात तेच असणार. हॉटेलात शाकाहारी पानात भात, डाळ आणि कोशिंबिरीपलीकडे फारसं काही येत नाही. आणि महाग पडतं. स्वयंपाकघर असलेलं घर घे, निखिल म्हणाला तसं. दुकानांत तांदूळ, मसूर, नारळाचं दूध, हळद, मसाले सगळं मिळतं. तिथल्या कालवणात कढीपत्ताही असतो. इथून ताजी भाजी, फळं, बियाणं काही नेऊ नकोस, बंदी आहे. बंद पाकिटातला मेतकूट आणि मसाला चालतो. नीरफणस तिथे दारोदारी आहे. तव्यावर रवा लावून काप कर, आईंना वेगळं काही लागणारच नाही. तिथली माणसं म्हणतात, नीरफणस खाल्ला की तो माणूस सेशेल्सला परत येतोच. लादोब नावाचा गोड पदार्थ मागून बघ: केळं नारळाच्या दुधात, जायफळ आणि व्हॅनिला घालून. बाबांसाठी निखाऱ्यावर भाजलेला तांबडा मासा, तिथे त्याला बुर्झ्वा म्हणतात, आणि नारळातलं ऑक्टोपसचं कालवण. टेकअवेच्या छोट्या टपऱ्यांवर घ्या. हॉटेलपेक्षा चवही चांगली आणि पैसेही कितीतरी कमी. पण त्या लवकर बंद होतात.

माहेच्या शेवटच्या दिवशी व्हिक्टोरियात जा. राजधानी असून तासाभरात पायी फिरून होते. १९०३चा छोटा घड्याळमनोरा, मासळी आणि मसाल्यांचा बाजार, आणि बाजाराशेजारीच नवशक्ती विनायगर मंदिर. तमिळ मंडळींनी १९९२मध्ये बांधलं. गोपुर रंगीबेरंगी, गाभाऱ्यात आपला गणपती. आई तिथे बसल्या की तुम्ही दालचिनी आणि व्हॅनिला घेऊन या. फक्त रविवारी नको, बाजार बंद असतो.

शुभदाताई


प्रेषक: मेधा, शारजा
विषय: उत्तर: सेशेल्सचा बेत ठरला

ताई, मोहनकाका, निखिल, मनापासून आभार. काकांचं पत्र मी रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, सिलुएट लांबून तरी दिसेल ना? माहेच्या बो व्हालों किनाऱ्यावरून ते समोर दिसतं, म्हणून शेवटची रात्र तिथेच घेतली. संध्याकाळी त्यांना तिथे घेऊन बसणार.

बेत असा ठरला. सकाळी उतरून थेट प्रालां, कोत दोरला स्वयंपाकघराच्या घरात दोन रात्री. पहिल्या दिवशी काहीच नाही, फक्त पाण्यात पाय. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर व्हाले द मे. तिसऱ्या दिवशी क्यूरियूज आणि सेंट पिएर, आणि संध्याकाळच्या शेवटच्या बोटीने ला डीग. क्यूरियूजची होडी वेळेत परत आणून सोडेल असं त्यांच्याकडून लेखी घेतलं आहे. ला डीगवर धक्क्याजवळच घर मिळालं, तिथे दोन रात्री. आईंसाठी बॅटरीची गाडी घरमालकीणच सांगून ठेवणार आहे. पाचव्या दिवशी दुपारच्या बोटीने माहे, सहाव्या दिवशी सकाळी देऊळ आणि बाजार करून रात्रीचं विमान. भरती-ओहोटीचं बघितलं: ला डीगच्या सकाळी पाणी अर्ध्यावर असेल, म्हणजे मुलीला पुरेसं.

बोटींची तिकिटं आज काढली. प्रवास-परवानगीचे अर्ज निघायच्या आधीच्या आठवड्यात भरणार.

एक विचारायचं होतं. क्यूरियूजची होडी दहा जणांची आहे आणि आम्ही सहा. पूर्ण होडी घेतली तर वेळ आपल्या हातात राहते आणि मुलांना घाई होत नाही. मंडळातलं आणखी कुणी त्याच सुट्टीत तिथे असेल तर चार जागा आहेत. होडीवाल्याला शुक्रवारपर्यंत आकडा सांगायचा आहे, तेव्हा त्याआधी मला वैयक्तिक मेल करा.

मेधा